मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचल : घरासाठी राउटर निवडताना

बाजारपेठेच्या गावातील एक जुना वाडा. रस्त्याच्या बाजूस पेढी, तिच्यामागे गोदाम आणि वरच्या दोन मजल्यांवर तीन पिढ्यांचे कुटुंब. भिंती दगड-विटांच्या, हातभर जाडीच्या. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात आणि साडेसातच्या सुमारास घरातील प्रत्येकाच्या हाती एकेक पडदा येतो. आजी प्रवचन ऐकतात, नातवंडांचा अभ्यास चालतो, धाकट्या सूनबाई पुण्याच्या बहिणीशी समोरासमोर बोलत असतात. वरच्या मागच्या खोलीत थोरले चिरंजीव जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरावयास बसलेले असतात. तारीख २०. नेमके त्याच वेळी पडद्यावर गोल चिन्ह फिरू लागते. मोबाईलवर ओटीपी येतो, पण तो टाकावयाचे पान उघडत नाही. पान उघडते तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते. विवरणपत्र राहिले तर दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. ज्या घरात पैशापैशाचा रोजमेळ जुळविल्याशिवाय गल्ला बंद होत नाही, त्या घरात असा भुर्दंड मनाला लागतोच.

अशा वेळी घरात दोन उपाय सुचविले जातात. वडीलधारे म्हणतात, कंपनी बदला. तरुण मंडळी म्हणतात, राउटर बदला. या वाड्यात नातवाचे म्हणणे मान्य झाले. शहरातून एक भव्य खोके आले. सहा अँटेना, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘३०००’ हा आकडा. जुन्या उपकरणाच्या जागी, पेढीतील मीटरच्या फळीशेजारी, ते बसविण्यात आले. पेढीत वेग उत्तम मिळू लागला. वरच्या मागच्या खोलीत मात्र गोल चिन्ह पूर्वीसारखेच फिरत राहिले. “अण्णा, आता कंपनीच बदलावी लागेल,” असे नातू म्हणाला. अण्णांनी विचारले ते इतकेच, “आधीच्या खर्चाने काय साधले, ते मोजले का?”

ते कोणी मोजले नव्हते. मोजमाप न करता केलेली खरेदी हेच राउटरच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक निराशेचे मूळ आहे. हा वाडा कोणाचा, हे महत्त्वाचे नाही. असे वाडे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या इमारतींतही अनुभव निराळा नाही.

खोक्यावरील आकड्याचा अर्थ

व्यापारी कुटुंबास हा विषय समजून घेण्यासाठी तंत्रज्ञाची भाषा लागत नाही. कॅश क्रेडिट खात्याची भाषा पुरेशी आहे. बँक एखाद्या पेढीस २५ लाखांची मर्यादा मंजूर करते; परंतु त्या महिन्यात प्रत्यक्ष किती उचल करता येईल, हे मंजुरीपत्रावर ठरत नाही. महिन्याच्या साठापत्रकातील माल, वसूल व्हावयाची येणी, देऊ लागणारी देणी आणि बँकेचे मार्जिन यांवरून उचलक्षमता, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, ठरते. मंजुरी २५ लाखांची आणि उचलक्षमता ११ लाखांची असेल, तर व्यवहारापुरती मर्यादा ११ लाखांचीच.

राउटरच्या खोक्यावरील आकडा ही अशीच मंजूर मर्यादा असते. प्रत्यक्ष उचल चार गोष्टींवर अवलंबून राहते : कंपनीकडून घेतलेल्या जोडणीचा वेग, राउटरच्या पोर्टची क्षमता, मधल्या भिंती व अंतर, आणि हातातील मोबाईल वा लॅपटॉपची कुवत. या चारांपैकी जी गोष्ट सर्वांत तोकडी, तिच्याइतकाच वेग पदरी पडतो. जोडणी १०० मेगाबिटची असेल तर ३००० च्या खोक्याने ती १०१ मेगाबिटचीही होत नाही.

शिवाय तो आकडाही एकसंध नसतो. घरगुती राउटर साधारणतः दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. दोन्ही पट्ट्यांचे कागदोपत्री कमाल वेग मिळवून, जवळच्या पूर्ण संख्येत करून खोक्यावर छापण्याची पद्धत आहे. ‘एसी १२००’ म्हणजे ३०० अधिक ८६७. ‘एएक्स १५००’ म्हणजे ३०० अधिक १२०१. ‘एएक्स ३०००’ म्हणजे ५७४ अधिक २४०२. सामान्यतः मोबाईल एका वेळी एकाच पट्टीवर जोडलेला असतो, त्यामुळे ही बेरीज कोणत्याही एका उपकरणाच्या वाट्यास येत नाही. त्या पट्टीवरील कागदोपत्री वेगाचाही साधारणतः अर्धा ते दोन-तृतीयांश भागच, तोही राउटरजवळ बसले असता, हाती लागतो. दोन निरनिराळ्या खात्यांच्या मंजूर मर्यादांची बेरीज करून कोणी पेढीची पत सांगू लागला, तर अनुभवी व्यापारी जसा हसेल, तसेच या आकड्याकडे पाहावे.

अँटेनांच्या संख्येचेही तेच. अधिक अँटेना असणे वाईट नाही. पण केवळ त्या मोजून उपकरणाची प्रत ठरत नाही.

प्रथम मोजावे, मग बाजारात जावे

खर्च करण्यापूर्वी एक संध्याकाळ मोजणीसाठी द्यावी. वहीच्या एका पानावर तीन नोंदी कराव्यात. वेग मोजण्याची साधने मोबाईलवर व संगणकावर विनामूल्य मिळतात.

पहिली नोंद तारेची. लॅपटॉप केबलने थेट राउटरच्या पोर्टला जोडावा आणि वेग पाहावा. ही कंपनीकडून घराच्या उंबरठ्यापर्यंत आलेल्या मालाची मोजणी होय. दुसरी नोंद राउटरपासून दोन-तीन पावलांवर, वाय-फायवर. तिसरी नोंद ज्या खोलीत तक्रार आहे तेथे, दार नेहमी असते तसे ठेवून. तिन्ही नोंदी एकदा दुपारी आणि एकदा रात्री आठच्या सुमारास घ्याव्यात. कारण गर्दीच्या वेळी परिस्थिती पालटते.

आता वही वाचावी. पहिलाच आकडा ठरलेल्या वेगाहून बराच कमी असेल, तर तक्रार कंपनीकडे करावी; नवा राउटर घेऊन तो आकडा वाढण्याचा संभव कमी. मात्र त्याआधी पोर्टची मर्यादा तपासावी. तिचा उल्लेख पुढे येईल. पहिला आकडा चांगला आणि दुसरा कमी असेल, तर राउटर जुना किंवा दुबळा आहे, अथवा शेजारपाजारच्या वाय-फायची दाटी आहे. पहिले दोन चांगले आणि केवळ तिसरा कमी असेल, तर दोष भिंतींचा व जागेचा आहे.

वर सांगितलेल्या वाड्यात १०० मेगाबिटची जोडणी होती. मोजणी केल्यावर तारेवर ९४, राउटरशेजारी ८८ आणि वरच्या मागच्या खोलीत ६ असे आकडे मिळाले. कंपनी निर्दोष ठरली. नवा राउटरही निर्दोष ठरला. माल उंबरठ्यापर्यंत पुरा येत होता, तो घरातल्या घरात गळत होता.

येथे एका नेहमीच्या गोंधळाचा खुलासा आवश्यक आहे. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फायलीचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर एका सेकंदात जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. यात फसवणूक नाही. माप निराळे आहे.

कुटुंबाची खरी गरजही कागदावर मांडून पाहावी. उत्तम प्रतीचे चलचित्र पाहण्यास सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट पुरतात, अतिसुस्पष्ट ‘४के’ चित्रास सुमारे १५. समोरासमोरच्या संभाषणास दोन-चार मेगाबिट. विवरणपत्र भरणे, बँकेचे व्यवहार, यूपीआयची देवाणघेवाण यांना तर वेग फार थोडा लागतो. त्यांना हवे असते ते सातत्य. दहा माणसांच्या घराची सायंकाळची बेरीजही बहुधा १०० मेगाबिटच्या आत बसते. जोडणीचा वेग वाढविण्याचा आग्रह धरण्यापूर्वी ही बेरीज करावी.

कंपनीची पेटी आणि स्वतःचा राउटर

फायबरच्या तारेतून प्रकाशाच्या रूपाने संदेश येतात. त्यांचे विद्युत संदेशात रूपांतर करणाऱ्या उपकरणास ओएनटी म्हणतात. एका जोडणीवर अनेक उपकरणांची ये-जा सांभाळणारा तो राउटर, आणि ती ये-जा तारेविना घडविणारे ते वाय-फाय. आजकाल बहुतेक कंपन्या ही तिन्ही कामे एकाच पेटीत करून देतात. लहान घरास ती पेटी पुष्कळदा पुरेशी असते. दुसऱ्या नोंदीचा आकडा समाधानकारक असेल आणि तिसरी तक्रारच नसेल, तर नवे काही घेऊ नये, हाच योग्य सल्ला.

स्वतःचा राउटर घ्यावयाचा तर खरेदीपूर्वी कंपनीस तीन प्रश्न विचारावेत. तुमच्या पेटीपुढे आमचा राउटर लावता येईल काय? पेटी ‘ब्रिज मोड’मध्ये, म्हणजे केवळ संदेश पुढे पोहोचविण्यापुरती, ठेवून मिळेल काय? तसे केल्यास सोबतचा दूरध्वनी आणि दूरचित्रवाणीची सेवा चालू राहील काय? ब्रिज मोड मिळत नसेल तर नवा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावावा. दोन्ही उपकरणे राउटरचेच काम करू लागली, तर एका दारावर दोन पहारेकरी उभे करून दोघांनी परस्परांचे पाहुणे अडविल्यासारखे होते. दुकानातील कॅमेरा बाहेरगावाहून पाहताना अशा वेळी अडचणी येतात.

खरेदी करताना पाहावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट पोर्टची. खोक्याच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत लिहिलेली ही ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. काही स्वस्त राउटरांवर पुढे ‘१२००’ छापलेले असते, परंतु कंपनीची तार जेथे जोडावयाची ते पोर्ट केवळ १०० मेगाबिटचे असते. २०० किंवा ३०० मेगाबिटची जोडणी घेणाऱ्याने असा राउटर लावला, तर त्याला कायम नव्वदीच्या घरातील वेग मिळेल आणि उरलेल्या वेगाचे भाडे तो दरमहा व्यर्थ भरत राहील. म्हणून सर्व पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटचे, असल्याची खात्री करून घ्यावी.

दुसरी गोष्ट पिढीची. वाय-फायच्या पिढ्यांना आता सोपे क्रमांक आहेत. वाय-फाय ४ म्हणजे जुना ‘एन’, वाय-फाय ५ म्हणजे ‘एसी’, वाय-फाय ६ म्हणजे ‘एएक्स’. पाचव्या पिढीचा राउटर आजही चालतो. परंतु आज नवी खरेदी करताना सहावी पिढी घ्यावी. तिचा खरा लाभ कमाल वेगात नसून गर्दी हाताळण्यात आहे. अनेक उपकरणे एकाच वेळी जोडलेली असताना ती वेळेची वाटणी अधिक काटेकोरपणे करते. तीन पिढ्यांच्या घरात मोबाईल, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच, कॅमेरे आणि पेढीतील कार्ड-यंत्र मोजत गेल्यास वीस-पंचवीसचा आकडा सहज भरतो. सातव्या पिढीच्या उपकरणांचे प्रमाणीकरण जानेवारी २०२४ पासून सुरू झाले. ती उत्तम आहेत. पण घरातील मोबाईल जुन्या पिढीचे असतील, तर नव्या राउटरशीही ते जुन्याच वेगाने बोलतात.

तिसरी गोष्ट दोन्ही पट्ट्यांची. केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा राउटर आता घेऊ नये. भारतात २.४ ची पट्टी २००५ मध्ये परवानामुक्त झाली आणि ५ ची पट्टी घराबाहेरील वापरासह २०१८ मध्ये अधिक व्यापक प्रमाणात मोकळी झाली. २.४ चे संदेश भिंतींतून अधिक दूर जातात, पण त्या पट्टीवर शेजाऱ्यांची, ब्लूटूथची आणि मायक्रोवेव्ह भट्टीचीही गर्दी असते. तिच्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. ५ ची पट्टी वेगवान व मोकळी आहे, पण जाड भिंतीपुढे ती लवकर हार मानते. त्यामुळे दोन्ही हव्यात. पुष्कळसे स्वस्त कॅमेरे केवळ २.४ वरच चालतात, हेही ध्यानात ठेवावे.

चौथी गोष्ट म्हणजे उत्पादकाकडून मिळणारी संगणकीय दुरुस्ती, अर्थात फर्मवेअर अद्ययावत होणे. हे उत्पादन किती वर्षांपूर्वी बाजारात आले आणि त्यासाठी शेवटची दुरुस्ती केव्हा आली, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहावे. आपोआप अद्ययावत होण्याची सोय असल्यास उत्तम. दुकानदार याविषयी क्वचितच बोलतो. परंतु हीच बाब पुढे सर्वांत महाग पडू शकते.

भिंत, जिना आणि जागा

कंपनीचा कारागीर पेटी बसवितो ती त्याच्या तारेच्या सोयीने. घराच्या सोयीने नव्हे. राउटर शक्यतो घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर, मोकळ्या जागी असावा. लोखंडी कपाटात, तिजोरीशेजारी, दूरचित्रवाणी संचाच्या मागे, आरशाच्या वा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला तो ठेवू नये. धातू संदेश परतवितो, पाणी ते शोषून घेते. काँक्रीटच्या भिंतीतील सळ्याही धातूच्याच.

जागा बदलूनही भागत नसेल तर तीन मार्ग उरतात. पहिला, भिंतीतील बटणात खोचावयाचा लहान विस्तारक, म्हणजे एक्स्टेंडर. तो स्वस्त असतो, पण ज्या पट्टीवर संदेश घेतो तिच्यावरूनच पुढे देत असेल तर वेग निम्म्यावर येतो. एखाद्या कोपऱ्यात केवळ संदेशवहनापुरता तो चालेल. दुसरा मार्ग ‘मेश’चा. एकाच नावाने चालणारी दोन-तीन उपकरणे घरभर ठेवली जातात आणि माणूस फिरेल तसा मोबाईल जवळच्या उपकरणाशी जोडला जातो. मोठ्या सदनिकेस हा मार्ग सोयीचा. मात्र जाड भिंतीमागे ठेवलेले मेशचे उपकरणही दुबळाच संदेश पुढे देणार. म्हणून दुसरे उपकरण तक्रारीच्या खोलीत ठेवू नये. जेथपर्यंत संदेश चांगला पोहोचतो तेथे, अर्ध्या वाटेवर ठेवावे.

तिसरा मार्ग जुन्या पद्धतीचा आणि सर्वांत भरवशाचा : तार. कॅट-६ प्रतीची, शुद्ध तांब्याची केबल खालून वर न्यावी आणि वरच्या टोकास दुसरे उपकरण लावावे. १०० मीटरपर्यंत अशा तारेतून वेगाची घट होत नाही. हातभर जाडीच्या भिंतीस तिच्यापुढे काहीच किंमत उरत नाही. ज्यांचे घर बांधून होत आहे किंवा रंगकाम व्हावयाचे आहे, त्यांनी प्रत्येक मजल्यावर एक रिकामी नळी आणि एक केबल आताच घालून घ्यावी.

वाड्यात अखेर हेच करण्यात आले. कंपनीची जुनी पेटी पेढीत परत लावली. सहा अँटेनांचा नवा राउटर दुसऱ्या मजल्यावरील जिन्याच्या चौकात, मोकळ्या भिंतीवर, ॲक्सेस पॉइंट म्हणून बसविला. दोहोंमध्ये जिन्याच्या कडेने वीसेक मीटर केबल गेली. उपकरण तेच, जोडणी तीच, कंपनीही तीच. तिसरी नोंद ६ वरून ८१ वर गेली.

गल्ल्याची किल्ली आणि राउटरचा पासवर्ड

आता या विषयातील सर्वांत गंभीर भाग. पेढीचे बँक खाते, जीएसटीचे खाते, व्यापाऱ्यांचे येणे-देणे, दुकानातील व घरातील कॅमेरे, मुलांचे मोबाईल ही सर्व वाहतूक त्या एका पेटीतून होते. गल्ल्याची किल्ली जो माणूस कोणाही येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती देणार नाही, तोच माणूस वाय-फायचा पासवर्ड गल्ल्यामागील भिंतीवर चिकटवून ठेवतो.

हा धोका काल्पनिक नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील राउटर व कॅमेरे ताब्यात घेतले. तिची युक्ती साधी होती. कारखान्यातून येताना उपकरणांत घातलेल्या साठेक नावा-पासवर्डांच्या जोड्या ती एकामागून एक लावून पाहत असे. ज्यांनी मूळ पासवर्ड बदलला नव्हता, त्यांची उपकरणे हाती लागली आणि त्यांच्या बळावर त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. पुढे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ ही दुसरी प्रणाली उघडकीस आली. तिने ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणांत शिरकाव केला होता आणि त्यांत घरगुती व लहान कार्यालयांतील राउटर मोठ्या संख्येने होते. मालकांना त्याचा पत्ताही नव्हता, कारण राउटरचे दिवे नेहमीप्रमाणेच लुकलुकत होते.

बँकेचे ॲप आणि संकेतस्थळ यांवरील माहिती सांकेतिक स्वरूपात जाते, त्यामुळे राउटर दुबळा असला म्हणून खाते लगेच रिकामे होईल, अशी भीती बाळगू नये. परंतु राउटर ताब्यात घेणारा माणूस पत्त्यांची वही बदलू शकतो. बँकेचे नाव टंकित केले, तरी पान उघडावे ते भामट्याचे, अशी योजना तो करू शकतो. अशा वेळी ब्राउझर बहुधा प्रमाणपत्राविषयी इशारा देतो. तो इशारा ओलांडून पुढे जाणे हीच चूक प्राणघातक ठरते.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने यासंबंधी एक सूत्र घालून दिले. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा असेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने तक्रार केली, तर त्याच्यावर तोशीस पडत नाही. परंतु ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ गुप्त क्रमांक दुसऱ्यास दिल्यामुळे, नुकसान झाले असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचेच. म्हणून दक्षता आणि त्वरा या दोहोंना पैशांत किंमत आहे. फसवणुकीचा संशय येताच बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकास कळविण्यात एक तासही दवडू नये.

राउटर बसविल्याच्या दिवशीच पाच कामे उरकावीत. राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा. हा वाय-फायच्या पासवर्डाहून निराळा असतो आणि बहुसंख्य घरांत तो कारखान्याचाच राहिलेला असतो. वाय-फायसाठी डब्ल्यूपीए ३ ही सुरक्षापद्धत, जुनी उपकरणे असल्यास डब्ल्यूपीए २, निवडावी आणि पासवर्ड लांब ठेवावा. दुकानाचे नाव अधिक १२३ हा पासवर्ड नव्हे. बटण दाबून जोडणी देणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद करावी. फर्मवेअर अद्ययावत करावे. आणि पाहुण्यांसाठी, गिऱ्हाइकांसाठी तसेच कॅमेऱ्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ ही वेगळी वाट उघडून द्यावी. ओसरीवर बसणाऱ्यास चहा द्यावा, परंतु तिजोरीच्या खोलीतून वाट देऊ नये, हा घरचा जुना रिवाज येथेही लागू पडतो. मात्र ॲक्सेस पॉइंट म्हणून लावलेल्या काही उपकरणांत गेस्ट नेटवर्कची वाट मूळ जाळ्यापासून खरोखर वेगळी राहत नाही. बसविणाऱ्याकडून त्याची खात्री करून घ्यावी. नोकर सोडून गेला, तर किल्ल्या परत घेतात. त्याच दिवशी पासवर्डही बदलावा.

बिल, घसारा आणि वीज

राउटरवर १८ टक्के जीएसटी आहे. तो पेढीच्या कामासाठी घेतला असेल तर बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. घर आणि पेढी दोहोंसाठी वापर असेल, तर व्यवसायाच्या वाट्यापुरतेच इनपुट क्रेडिट घ्यावयाचे असते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास ते मिळत नाही. प्राप्तिकरातील घसाऱ्याबाबत मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने २०१० मध्ये डेटाक्राफ्ट इंडिया प्रकरणात असा निर्णय दिला, की संगणकाच्या जोडीने वापरले जाणारे राउटर व स्विच संगणकाच्याच वर्गात धरावेत. संगणकाच्या घसाऱ्याचा दर तेव्हा ६० टक्के होता, तो पुढे ४० टक्के झाला. रक्कम लहान असली तरी नोंद योग्य सदरात असावी. सनदी लेखापालांस तेवढे एकदा विचारून घ्यावे.

वीज जाते तेव्हा नेटही जाते, ही तक्रार सर्वत्र आहे. पुष्कळ घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी लहान यूपीएस मिळतात. घेताना उपकरणाच्या ॲडॅप्टरवरील व्होल्ट व अँपिअर जुळवून पाहावेत. कंपनीची पेटी आणि स्वतःचा राउटर अशी दोन उपकरणे असतील, तर दोन्हींना यूपीएसचा आधार हवा. एकालाच दिला, तर दिवे लागलेले दिसतात आणि व्यवहार ठप्प राहतो.

खरेदी झाली म्हणजे वहीचे तेच पान पुन्हा उघडावे. त्याच तीन जागी, त्याच वेळी, तीन नोंदी पुन्हा घ्याव्यात आणि जुन्या आकड्यांसमोर लिहाव्यात. फरक पडला नसेल, तर माल परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी परत करावा. खोके, बिल आणि हमीपत्र तोवर फेकू नये. पानाच्या तळाशी खरेदीची तारीख, हमीची मुदत आणि फर्मवेअर अखेर केव्हा तपासले, ती तारीख लिहून ठेवावी. दर दिवाळीस वही बदलताना एकदा या पानाकडे पाहिले तरी पुरे.

वाड्यातील वहीत आता असे एक पान आहे. पुढच्या महिन्याच्या २० तारखेस विवरणपत्र रात्री पावणेनऊला भरून झाले. कंपनी बदलण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. भिंतीवर चिकटविलेला पासवर्डाचा कागद मात्र आजींनी स्वतः काढला. ज्या दारातून पेढीचा पैसा ये-जा करतो, त्याची किल्ली बाहेर टांगून ठेवू नये, एवढेच त्या म्हणाल्या.